बेतूल ते पाळोळे कयाकने, मुक्काम किनाऱ्यावर: जमेल का?

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी,

राहतो पणजीत. आमचा आठ जणांचा कंपू आहे, निम्मे इथले, निम्मे पुण्याहून येणारे. नेरूलच्या खाडीत आणि चोडणच्या खारफुटीत कयाक चालवून झाली. आता सगळ्यांना समुद्राचे डोहाळे लागलेत.

बेत असा. शुक्रवारी बेतूलला पाण्यात उतरायचं, काब द रामाच्या किल्ल्याच्या टोकाला वळसा घालायचा, खोला, आगोंद करत रविवारी दुपारी पाळोळ्याला लागायचं. नकाशावर मोजलं तर वीस-पंचवीस किलोमीटर भरतं, म्हणजे रोजचं आठेक. दोन रात्री तंबूत, शक्यतो जिथे गाडी पोचत नाही अशा किनाऱ्यावर. शॅक नको, गाणी नकोत, माणूस दिसायला नको. स्वयंपाक तिथेच.

विचारायचंय ते हे: महिना कुठला धरावा? भाड्याच्या उघड्या कयाक चालतील का? मार्गदर्शक घ्यावा की आपलं आपण जावं? आणि रात्री झोपायचं कुठे? आठांपैकी दोघांचं पोहणं म्हणजे बुडत नाहीत, इतकंच.

शेवटचा_बाक

निम्मे पुण्याचे आहेत म्हणजे दुपारी एक ते चार कयाक बंद. हे आधी ठरवून घ्या. ह.घ्या. (हलके घ्या)

वल्हेकरी

वरच्या प्रतिसादाला हसून पुढे जाऊ नका, या धाग्यावर यापेक्षा कामाचा सल्ला यायचा नाही. दुपारी एक ते चार बंदच. खरं म्हणजे अकरापासूनच.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते आठवा. पहाटे जमीन गार झालेली असते, वारा सह्याद्रीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी सपाट असतं. साडेदहा-अकराला तो पडतो. बारा वाजेपर्यंत वायव्येकडून खारा वारा उभा राहतो आणि संध्याकाळपर्यंत चढत जातो. फेब्रुवारीनंतर तर दुपारी तीनला समुद्रावर सगळीकडे पांढरा फेस दिसतो. आठ किलोमीटर म्हणजे सामान लादलेल्या कयाकने दोन-अडीच तास. सहा-साडेसहाला निघालात तर नऊला किनाऱ्यावर बसून चहा पिताय. दहाला निघालात तर तेच अंतर दुप्पट होतं आणि शेवटी उतरताना लाटा फुटत असतात.

उत्तरेकडून दक्षिणेला जायचं ठरवलंत हे उत्तम. उशीर झालाच तर वारा पाठीशी राहील. उलट दिशेने आलेल्यांचे चेहरे मी पाळोळ्यावर पाहिलेत.

पण सकाळच्या मतलई वाऱ्यालाही भोळा समजू नका. तो तुम्हाला अरबस्तानाकडे ढकलतो. कच्चा वल्हवणारा फोटो काढत बसला की दहा मिनिटांत बराच बाहेर गेलेला असतो, आणि त्याला ते कळतही नाही, कारण पाणी शांत असतं.

काब द रामाचा वळसा हा या सहलीतला खरा पेपर. तिथे वाळू नाही, जांभ्याचे कडे सरळ पाण्यात उतरतात. कड्यावर आपटलेली लाट परत फिरते आणि येणाऱ्या लाटेला भिडते, मग पाणी भाताच्या पातेल्यासारखं जागच्या जागी खदखदतं. किल्ल्याचा फोटो जवळून काढायचा मोह आवरा. कड्यापासून दोन-तीनशे मीटर बाहेरून वळा, फरक लगेच जाणवतो. त्या टप्प्यात उतरायला जागा नाही, म्हणून लघवी, पाणी, केळं, सगळं वळशाच्या आधी उरकून घ्या.

मांडवीकाठ

@वल्हेकरी, मनापासून धन्यवाद. ॲपवर लाटेची उंची दोन-तीन फूट दाखवतात. तेवढी चालते का?

वल्हेकरी

उंचीच्या शेजारी सेकंद लिहिलेले असतात ते बघा. दोन लाटांमधला वेळ तो. तीन फूट-सात सेकंद आणि तीन फूट-चौदा सेकंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लांब पल्ल्याची लाट आत खोल पाण्यात जाणवतसुद्धा नाही, कयाक नुसती वरखाली होते. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात आली की तीच उभी राहते आणि डोक्यावर फुटते.

आणखी एक गंमत. हिवाळ्यात इथे वारा नसताना वायव्येकडून लाटा येतात, लोक चक्रावतात. त्या अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांच्या लाटा. तिकडे वारा सुटतो आणि लाटा इथवर चालत येतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यावर काम केलंय. म्हणून नुसता खिडकीतून वारा बघून निघू नये. हैदराबादची इन्कॉइस संस्था किनाऱ्याप्रमाणे लाटांचा अंदाज आणि इशारे देते, फुकट आहे. आदल्या रात्री बघा आणि इशारा असेल तर मुकाट्याने किल्ल्यावर पायी जा.

खारव्याचा_नातू

बेतूलचा आहे म्हणून लिहितोय. आजोबा होडीवर, वडील होडीवर, मी बँकेत.

साळ नदीच्या तोंडावर वाळूची दांडी आहे. मोबोरची रेती एका बाजूला, बेतूलचा खडक दुसऱ्या बाजूला, मधून कुटबणचे ट्रॉलर जातात. ओहोटीचं पाणी नदीतून बाहेर धावत असताना समोरून समुद्राची लाट आली की दांडीवर पाणी फुटतं. मोठ्या होड्यासुद्धा तिथे अडकतात, तुमच्या प्लॅस्टिकच्या कयाकची काय कथा. भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थांबतं, तेव्हा बाहेर पडायचं. ट्रॉलरवाल्याला तुम्ही दिसत नाही. त्याचं तोंड उंच, तुम्ही पाण्याला चिकटलेले, त्यात सकाळचं ऊन डोळ्यांवर. वाट त्याने द्यावी ही अपेक्षा धरू नका. फाटा मारून कडेने जा.

दुसरं, जाळी. थर्माकोलचा तुकडा नाहीतर रिकामी बाटली एका रेषेत तरंगताना दिसली की खाली जाळं आहे. टोकाला काठीवर काळं फडकं असतं. ओलांडायचंच असेल तर दोन बोयांच्या मधून सरळ जा, सुकाणू असेल तर वर उचला. जाळ्यावर थांबू नका, धरून तर अजिबात बसू नका.

तिसरं, धागाकर्ता म्हणतो माणूस दिसायला नको. पात्रांव, सकाळी सहाला त्या किनाऱ्यावर तुमच्या आधी माणूस असतो. रांपण ओढतात तेव्हा होडी जाळं अर्धगोल टाकत जाते आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. त्या अर्धगोलात तुम्ही आठ रंगीत कयाक घेऊन उतरलात की मासळी पांगली आणि वीस घरांची सकाळ गेली. मग ओरडा खाल्लात तर इथे येऊन 'स्थानिक लोक उद्धट आहेत' असा धागा काढू नका.

शेवटचा_बाक

बँकेतला माणूस ओरडा कमी आणि व्याज जास्त लावतो असं ऐकून होतो.

जुने_बाड

रांपणीचा विषय निघाला म्हणून थोडं अवांतर. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन मासळी खरवडू लागले तेव्हा गोव्यातल्या रांपणकारांनी मोठं आंदोलन उभारलं होतं. माथानी साल्ढाणा हे त्यातलं पुढचं नाव. त्यातूनच १९८० चा गोवा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. त्यामुळे त्या पट्ट्याबद्दल ही मंडळी हळवी आहेत, आणि तुमची कयाक जाणार नेमकी त्याच पट्ट्यातून.

कुंकळ्ळीची_केळी

मार्गदर्शकाबद्दल लिहिते. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीबरोबर गेले होते (नाव लिहीत नाही, विचारू नका). जाहिरातीत 'प्रमाणित प्रशिक्षक', प्रत्यक्षात दोन मुलं, त्यातला एक आदल्या आठवड्यापर्यंत पॅराग्लायडिंगला होता. लाइफ जॅकेट दिलं त्याचा खालचा बक्कल तुटलेला, त्याने नाडीने बांधून दिला. मी म्हटलं हे पाण्यात वर सरकेल. तर म्हणे, 'ताई, आपण पडणारच नाही.' आगोंदला उतरताना माझ्या पुढची दोघांची कयाक आडवी झाली, मागून लाट आली आणि उलटली. त्यातल्या काकांचं जॅकेट तोंडापर्यंत वर आलं. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून काही झालं नाही. दोन्ही मुलं तेव्हा सगळ्यांच्या पुढे होती. मागे कोणीच नाही.

म्हणून पैसे देऊन जाणार असाल तरी विचारून घ्या: शेवटी कोण असतो? दोरी कोणाकडे असते? पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का? करंझाळ्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत प्रशिक्षण होतं, तिथलं प्रमाणपत्र असेल तर दाखव म्हणावं. आणि स्वतःचं जॅकेट स्वतः घाला, पट्टे आवळा, मग दुसऱ्याला खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीला लागलं तर ते तुमच्या मापाचं नाही.

दर्यावर्दी

धागा वाचून असं वाटेल की बेतूलहून नाही, केप हॉर्नहून निघालेत! इतकं घाबरवायचं कशाला? आम्ही मित्रमित्र जातो, भाड्याच्या उघड्या कयाक, मागे कॅरेटमध्ये सामान बांधलेलं. पडलो की पुन्हा चढतो. उघड्या कयाकचा फायदाच तो, पाणी आपोआप भोकांतून निघून जातं. बंद कयाक उलटली तर आत पाणी भरतं, मग उपसत बसा. नवख्यांना उघडीच बरी. आणि मार्गदर्शक घेतला की सहल त्याची होते, आपली राहत नाही.

वल्हेकरी

@दर्यावर्दी, उघड्या कयाकबद्दल अर्धं अनुमोदन. नवख्यांना चढायला ती सोपी, मान्य. पण भाड्याच्या कयाकला सामान ठेवायला बंद कप्पा नसतो. कॅरेट वर बांधलं की वजन वर जातं आणि ती डुलायला लागते. त्यात रुंद बूड, वाऱ्यात सरळ जातच नाही. पाळोळ्याच्या खाडीसमोर तासभर हिंडायला झकास. तीन दिवसांचा संसार लादून काब द रामाला नको. निदान लांब, सुकाणूवाल्या कयाक मिळवा. फुगवायच्या कयाकचं तर नावच काढू नका, वाऱ्याबरोबर कारवारला जातील.

आणि 'पडलो की पुन्हा चढतो' हे कमरेइतक्या पाण्यात नव्हे, खोल पाण्यात, जॅकेट घालून, दमल्यावर जमतं का ते आठही जणांनी आधी करून बघावं. एका सकाळी खाडीत जा आणि मुद्दाम पडा. दुसऱ्याने येऊन तुमच्या कयाकचं नाक आपल्या कयाकवर आडवं ओढून पाणी काढायचं, मग दोन्ही कयाक शेजारी धरून पडलेल्याला चढवायचं. ज्याला हे येत नाही तो या सहलीला नाही. मित्र असला तरी.

लाटांत उतरताना एक नियम पाठ करा: उलटलात तर कयाक आणि किनारा यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. पाण्याने भरलेली कयाक पुढच्या लाटेबरोबर गुडघ्यांवर येते. तिच्या समुद्राकडच्या बाजूला राहा. एकेकाने उतरा. पहिला उतरलेला किनाऱ्यावर उभा राहून वल्हं उभं धरेल तेव्हाच पुढचा येईल. डोक्यावर आडवं धरलं की थांबा. शिट्टी तीनदा वाजली की सगळं सोडून तिकडे.

दर्यावर्दी

हे पटलं. फुगवायच्याबद्दल बोलू नका मात्र, माझ्याकडे आहे.

सोलकढी

खाडीत सराव करायचाच तर कुंभारजुव्याच्या कालव्यात करा. पाणी शांत, गर्दी नाही.

शेवटचा_बाक

गर्दी का नाही ते सांगितलं नाहीत. मगरी आहेत तिथे! मुद्दाम पडायचा सराव तिथे केला तर चढायला सगळे आपोआप शिकतील.

जुने_बाड

खरंच आहेत. मांडवी आणि झुआरीला जोडणाऱ्या त्या कालव्यात मगरी पूर्वापार आहेत. बोरी-दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला मानगे थापणी करतात, खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) चिखलाची मगर घडवून तिची पूजा होते. बांध जपणाऱ्या लोकांनी शेजाऱ्याशी केलेला तह आहे तो. सरावाला नेरूल बरं.

भाटकार

मुक्कामाचं बोलू.

पहिलं म्हणजे, किनाऱ्यावर उघड्यावर चूल पेटवणं आणि दारू पिणं यांवर बंदी आहे. २००१ च्या पर्यटनस्थळांच्या कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, तेव्हा एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंड ठेवला होता, आताचा आकडा बघून घ्या. तुम्ही आठ जण आहात म्हणजे गटच. 'आम्ही फक्त मॅगी करत होतो' हे पोलिसांनी आधी ऐकलेलं आहे.

दुसरं म्हणजे, तुम्हाला जी जागा रिकामी दिसते ती रिकामी नाही. भरतीच्या रेषेच्या वर माड दिसले की ते कोणाचं तरी भाट आहे, नाहीतर कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीची जमीन. आमच्या भाटात दर डिसेंबरात कोणीतरी तंबू ठोकतं. सकाळी विचारलं की म्हणतात, 'आम्हाला वाटलं इथे कोणी राहत नाही.' विहीर आहे, गडगा आहे, माडांवर नंबर घातलेत. कोणी राहत नाही म्हणजे काय?

उपाय सोपा आहे. आधी एकदा गाडीने या, वाड्यावर विचारा भाट कोणाचं, घरी जाऊन बोला. शंभरातले नव्वद जण हो म्हणतात. विहिरीचं पाणी मिळतं, संडास मिळतो, भाटात गॅसवर पेज शिजवायला कोणी हरकत घेत नाही. मागच्या वर्षी एक गट असा विचारून आला होता. आईने त्यांना खाऱ्या बांगड्याची किसमूर करून पाठवली. जाताना त्यांनी झावळ्यांखाली जुना पडलेला बाटल्यांचा ढीगही उचलून नेला, आमचाच होता तो.

मांडवीकाठ

@भाटकार, खजील झालो. म्हणजे निर्जन किनारा वगैरे सोडूनच द्यायचं?

शंखपुष्पी

माणसांपुरतं निर्जन मिळेलही कुठे, पण तिथे वहिवाट दुसऱ्यांची आहे.

आगोंद आणि गालजीबाग (तसंच उत्तरेला मोरजी, मांद्रे) इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, घरट्याला हात लावणं गुन्हा. वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालतं ते तुम्ही पाहिलं असेल. पण कुंपण घालायच्या आधीची एक रात्र असते, ती तुमच्या तंबूची असू नये.

आगोंदला स्वयंसेवकांबरोबर मी रात्री फिरले आहे. मादी पाण्यातून वर येते तेव्हा फार सावध असते. उजेड दिसला, माणूस हलला, की अंडी न घालताच मागे वळते. वाळूवर मग अर्धवट इंग्रजी 'यू'सारखी वाट उरते, वर आली आणि तशीच गेली. वाळू उकरलेली नाही. ते बघून फार वाईट वाटतं. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं निघतात ती उजळ क्षितिजाकडे धावतात. तुमचा कंदील समुद्रापेक्षा उजळ असतो.

तेव्हा आगोंदच्या वाळूवर तंबू नाहीच. गावात खोल्या आहेत, तिथे झोपा. इतरत्रही रात्री लाल दिवा वापरा, तोही गरजेपुरता. आणि उरलेलं जेवण वाळूत पुरू नका. कुत्री ते उकरायला येतात आणि मग घरटीही उकरतात.

दर्यावर्दी

खोलीत झोपायचं, चूल नाही, दारू नाही, वाळूवर तंबू नाही. मग हे साहस कसलं? त्यापेक्षा बसने जा, दाबोळीवरून सुटते.

शंखपुष्पी

साहस काब द रामाला करा की, तिथे कासव आड येत नाही.

सोलकढी

+१

@दर्यावर्दी, दारू पिऊन दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वल्हं मारून दाखवा, मग बोलू. पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा. आठ जणांचं किती होतं ते पाहून दर मुक्कामाला विहीर कुठे ते आधी ठरवा. खाण्याचं म्हणाल तर पोय (गोव्याचा पाव), उकडलेली अंडी, केळी, चण्याची उसळ सुकी करून. दुपारी दही-भात पाण्यावर टिकत नाही, सांगून ठेवते.

पायात बूट हवेत, चपला नकोत. खडकांवर कालवं असतात, तळवा ब्लेडने कापावा तसा कापतो आणि खाऱ्या पाण्यात तीन दिवस चरचरत राहतो.

गजालवाडी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

खारव्याचा_नातू

कोणीतरी भरतीचं गणित सांगा यांना. तंबू भिजल्याशिवाय पुणेकरांना पटत नाही.

वल्हेकरी

सांगतो. जुना हिशोब: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. षष्ठीला सहा गुणिले पाऊण, साडेचार. अंदाजाला ठीक. सहलीसाठी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, कारण आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. उधाणाला भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. खोला इथल्यासारख्या अरुंद किनाऱ्यावर तेवढ्यात सगळी वाळू गडप होते.

अमावास्या-पौर्णिमेला भरती रात्री अकरा-बाराच्या सुमारास येते, तुम्ही गाढ झोपेत असताना. चांदण्यात कयाक चालवायची म्हणून लोक पौर्णिमा धरतात, आणि मध्यरात्री तंबू खांद्यावर घेऊन खडकावर उभे असतात.

अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार धरा. भांगाची भरती, पाणी कमी चढतं. सकाळी सहाच्या आगेमागे भरती भरते, म्हणजे बेतूलच्या दांडीवरून बाहेर पडायला नेमकी वेळ. संध्याकाळी पुन्हा सहा-सातला भरते. तेव्हा ओली रेषा डोळ्यांनी बघून तिच्या बऱ्याच वर झोपायची जागा करता येते. कयाकही वर ओढा आणि माडाला बांधा. रात्री माणूस भिजला तर सुकतो, कयाक गेली तर सहल संपली.

खारव्याचा_नातू

हेच गणित आमच्या घरात कागदाशिवाय करतात. बरोबर आहे.

पायवाट

पाळोळ्यालाच का थांबता? पुढे पाटणे, राजबाग, तळपण, गालजीबाग करत पोळ्यापर्यंत जा, गोव्याचं टोक. तिथून अंजदीव समोर दिसतं. बेटावर मुक्काम ठोकला तर जन्माची आठवण.

जुने_बाड

आठवण राहील खरी, चौकशीची. अंजदीव प्रशासकीयदृष्ट्या गोव्याचं असलं तरी नौदलाच्या ताब्यात आहे, पलीकडे कारवारचा 'आयएनएस कदंब' तळ. तिकडे नाक वळवायचं नाही. त्या बेटाला तसाही बंदुकीचा इतिहास आहे. १९६१ च्या नोव्हेंबरात 'साबरमती' या प्रवासी बोटीवर पोर्तुगीजांनी तिथूनच गोळीबार केला, आणि पुढच्याच महिन्यात गोवा मुक्त झाला.

कुंकळ्ळीची_केळी

फोनचंही लिहा कोणीतरी. काब द राम ते खोला रेंज येते-जाते. तटरक्षक दलाचा १५५४ आणि रुग्णवाहिकेचा १०८, दोन्ही सगळ्यांच्या फोनात हवेत, एकट्या म्होरक्याच्या नव्हे. आणि किनाऱ्यावर एक माणूस असा ठेवा की ज्याला 'अमुक वाजेपर्यंत आमचा फोन आला नाही तर तू फोन कर' असं सांगितलंय. माझ्या बाबतीत ते काम आई करते. ती दहा मिनिटं आधीच करते.

मांडवीकाठ

सगळं वाचून काढलं, दोन-तीन जणांशी व्यनितूनही (खासगी निरोपातून) बोललो. रविवारी स्कूटर काढून बेतूल ते आगोंद रस्त्याने फिरून आलो. नवा बेत असा:

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली अष्टमीजवळचा शुक्रवार ते रविवार. त्याआधी नेरूलला एक सकाळ मुद्दाम पडायची. पोहण्यात कच्चे असलेले दोघं तिथे कसे चढतात त्यावर त्यांचं ठरेल; एकाने आत्ताच गाडीतून सामान आणायचं काम मागून घेतलंय, त्यामुळे निम्मं वजन रस्त्याने जाईल. सुकाणूवाल्या कयाक आणि त्यांच्याबरोबर दोन माणसं असं एकाकडून ठरतंय. त्याला 'शेवटी कोण असतो?' हे पहिलं विचारलं. तो म्हणाला, 'मी स्वतः.' नोंदणीचा कागदही दाखवला.

पहिली रात्र काब द रामाच्या अलीकडे एका भाटात. विचारायला गेलो तर आजींनी आधी 'कोणाचा तू?' विचारलं. आजोळ सांग्याचं म्हटल्यावर चहा आला, मग पुढचं सगळं सोपं झालं. विहीर दाखवली, कळशी कुठे असते ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच काब द रामाचा वळसा. दुसरी रात्र आगोंदला खोल्यांत. @दर्यावर्दी, तुम्हाला चालणार नाही हे माहीत आहे.

भाटाच्या खाली रांपण ओढतात, तर आम्ही उतरायच्या आधी लांब थांबून हात करू. @खारव्याचा_नातू यांनी कोणाला विचारायचं ते सांगितलंय.

एकच राहिलं. पाळोळ्यावरून कयाक परत बेतूलला कशा आणायच्या? आमचा माणूस म्हणतोय वाहतूक तुमची तुम्ही बघा.

दर्यावर्दी

मला चालेल. नववा कयाकवाला हवाय का? फुगवायची घरी ठेवून येतो.

वल्हेकरी

@मांडवीकाठ, बेत चांगला झालाय. दोन सुधारणा. जादा वल्हं एक तरी घ्या, मागे असणाऱ्याच्या कयाकवर बांधा. आणि डिसेंबरातही सकाळी शमालच्या लाटा असतील तर वळसा सोडून द्यायचा, हे आजच आठही जणांना लिहून पाठवा. किनाऱ्यावर उभं राहून बहुमत घ्यायला लागलात की बहुमत नेहमी 'चला' म्हणतं.

भाटकार

वाहतुकीचं: काणकोणच्या चावडीवर टेम्पोवाले उभे असतात. लांब हौद्याचा बघा, कयाकचं नाक बाहेर येणारच, त्याला लाल फडकं बांधा. पट्ट्याने बांधा, नायलॉनच्या दोरीने नको, उन्हात प्लॅस्टिक दबून खड्डा पडतो. भाडं आदल्या दिवशी ठरवा. रविवारी दुपारी पाळोळ्याच्या वाळूवरून फोन केलात तर तो तुमचा आवाज ऐकूनच दर वाढवतो. आणि जत्रेची तारीख बघून घ्या, जत्रेला सगळे टेम्पो खुर्च्या वाहत असतात.

मांडवीकाठ

जत्रा आहे त्याच आठवड्यात. पुढची अष्टमी बघतो.